अर्ध्या शेपटीचा झेंडा

एका जंगलात, म्हणजे याच जंगलात, पाडसांनो, मोहाच्या झाडावर वानरं राहायची आणि झाडाखाली आपण चितळं. वानरं वरून पाला-फुलं टाकायची, आपण खायचो. वाघ दिसला की ती 'खॉक खॉक' ओरडायची, आपण पळायचो. बरं चाललं होतं.

पण वानरांचा म्होरक्या काळतोंड्या रोज म्हणायचा, "ए ठिपकेवाल्यांनो, आम्ही आहोत म्हणून तुम्ही आहात. मान खाली घाला नि खा."

आता खाताना मान खालीच घालावी लागते. पण त्याने सांगितलं म्हणून घालायची?

मी उठले. मला गप्प बसवेल असा नर तेव्हा कळपात नव्हता, अजूनही नाही. म्हटलं, "आजपासून चितळांचं राष्ट्र वेगळं. आमचं आम्ही ठरवू!"

"ठरव की गं आक्का," काळतोंड्या वरून म्हणाला, "पण वाघाला कळवलंस का?"

केवढा अपमान! तिथल्या तिथे मी कायदे केले. पहिला: वानरांची हाक ही परकी भाषा. ती ऐकून पळेल तो देशद्रोही. दुसरा: आपला झेंडा म्हणजे वर केलेली शेपटी. खालून कशी पांढरीशुभ्र! शेपटी आपण फक्त पळताना वर करतो, हे घाईत माझ्या ध्यानात आलं नाही.

चौथ्या दिवशी वरून ओरडा झाला. "खॉक! खॉक!"

सारं राष्ट्र ताठ उभं राहिलं. एकच हरणी झेंडा उंचावून पळत सुटली.

मी.

हसा, हसा. मग माझ्यामागून सगळेच पळाले. राहिली फक्त माझी नात पिंगी. तिला कायदा तोंडपाठ होता. मीच शिकवलेला.

"पिंगे, पळ!"

"पण आजी, ती परकी भाषा आहे ना?"

मी माघारी वळले, ढुशी मारून तिला पुढे घातलं. पिंगी सुटली. माझी अर्धी शेपटी वाघाच्या तोंडात राहिली.

"काय आक्का," फांदीवरून काळतोंड्या म्हणाला, "कळली की आमची भाषा!"

"थोबाड आवर," मी धापा टाकत म्हटलं. "तुझ्या सांगण्यावरून नाही पळालो. स्वयंनिर्णयाने पळालो!"

सभेत ते एकमताने मंजूर झालं. शेपटीच्या तुकड्याला हुतात्मा ठरवलं. माझा झेंडा तेव्हापासून अर्ध्यावरच आहे.

पिंगी हल्ली वानरांची भाषा शिकते, चोरून. मी तेवढा वेळ तोंड फिरवून बसते.

तात्पर्य: आपल्या मर्जीने पळण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला आहे. केव्हा पळायचं ते मात्र शेजाऱ्याने ओरडून सांगावं, आणि आभाराची अपेक्षा ठेवू नये.