तोरणाखालचं महायुद्ध

पोळ्याला झडती, म्हणजे चिमटे काढणारं दोन ओळींचं कवन, म्हणायची ती लटारूनंच, असा गावाचा रिवाज होता. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की तो दोन ओळी ठेवून द्यायचा आणि गाव "हर हर महादेव" म्हणून ओरडायचं. यंदा मात्र त्याला जपून बोलायचं होतं. त्याच्या पोरीचं, दिव्यानीचं, लग्न माजी सरपंच खुशालभाऊंच्या पुतण्याशी ठरलं होतं. लग्नाचं सभागृह होतं सरपंच धनराजभाऊंच्या हातात. आणि त्या दोघांत विस्तव जात नव्हता.

"कोनाले लागन असं बोलू नोका," बायकोनं, चंदानं, बजावलं.

"मी त दूरदेशाचं बोलतो. रशिया-अमेरिका. त्यायले कोन ओळखतो इथी?"

लटारूनं सुरुवात केली, "रशियाचा नांगर चालला जोरात, अर्धा शिरला शेजाऱ्याच्या वावरात!"

गाव हसलं आणि खुशालभाऊंकडे वळलं. गेल्याच महिन्यात त्यांच्या नांगरानं धनराजभाऊंच्या वावराचा बांध कोरला होता.

"मले म्हनून राह्यला काय बे?" खुशालभाऊंनी विचारलं.

"नाई भाऊ, तो खराखुरा रशिया आहे."

तोल सांभाळायला त्यानं घाईघाईनं दुसरी सोडली, "अमेरिका म्हनते मीच पंच, माह्याच दारात मांडा मंच!"

आता गाव धनराजभाऊंकडे बघू लागलं. ग्रामपंचायतीचा नवा मंच त्यांच्याच दारात होता. धनराजभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. लटारूला पोरीचं लग्न डोळ्यांदेखत मोडताना दिसू लागलं. त्यानं तिसऱ्याच देशाचा आसरा घेतला.

"चीन दोघायच्या घरी जेवते, हात पुसून दोघायले हो म्हनते!"

हा कोण, ते कोणालाच उमगेना. शेवटी गर्दीतून म्हाताऱ्या अंजनाबाई म्हणाल्या, "अगा, हा त लटारूच झाला."

"सकाळी माह्याकडं पोहे खाऊन गेला," धनराजभाऊ म्हणाले.

"अन् दुपारी माह्याकडं पुरनपोळी," खुशालभाऊ म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा एकत्र हसले.

लटारूनं हात जोडले. "मंग लग्नाचं कसं, भाऊ?"

"लग्न होईन," खुशालभाऊ म्हणाले.

"सभागृहातच होईन," धनराजभाऊ म्हणाले. "माह्ये मानसं अन् खुशालभाऊचे मानसं एकाच पंगतीत बसतीन. सारं गाव."

लटारूचा जीव भांड्यात पडला. चंदा मात्र कपाळाला हात लावून बसली होती.

"भांडत होते तेच बरं होतं," ती म्हणाली. "अर्धंच गाव जेवाले आलं असतं."