अकरावा कलावंत

समस्त ग्रामस्थ, पै-पाहुणे आणि रस्त्याने जाणारे-येणारे यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, लोह्याजवळच्या आमच्या गावातले कापड दुकानदार मन्मथअप्पा हे अर्ज केल्याशिवाय स्वतःच्या घरचा चहासुद्धा पीत नाहीत.

"विषय : चहा मिळणेबाबत. संदर्भ : सकाळचा अर्धा कप," असं ते दुकानातून आत ओरडतात. आतून महादेवीकाकू उत्तर देतात, "दूध नासलंय. अर्ज नामंजूर." अप्पा मान खाली घालून निकाल स्वीकारतात. सरकारी भाषेपुढे त्यांचं काही चालत नाही.

हे वेड भारुडामुळे लागलं. आमच्या गावच्या सोंगी भारुड मंडळाचे अप्पा सचिव. त्यांना गाता येत नाही, नाचता येत नाही, आणि टाळ दिला तर तो शेजारच्या टाळाशी भांडतो. पण मंडळाचा पडदा फाटला, झांजा चिरल्या, आणि लोककला मंडळांना अनुदान मिळतं असं कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून अप्पा अर्ज करून राहिलेत. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या दुकानाला लागून, त्यामुळे प्रत्येक अर्जाचा पहिला वाचक मी.

पहिला अर्ज परत आला, कारण फोटोत कार्यक्रमाची तारीख नव्हती. बॅनर दर वर्षी वापरता यावा म्हणून अप्पांनी तारखेची जागा कोरी ठेवली होती, आणि तिथं खळीनं चिकटवलेली चिठ्ठी ऐन फोटोच्या वेळी वाऱ्यानं नेली. दुसऱ्या खेपेला त्यांनी तारखेची पाटी सरळ गोविंदाच्या हातात दिली. गोविंदा आमच्याकडे बाईचं सोंग घेतो. नऊवारी, नथ, अंबाडा आणि छातीशी धरलेली तारीख. तोही अर्ज परत आला. शेरा असा : "छायाचित्रातील महिला कलावंताचे नाव यादीत नाही. आधार कार्डाची प्रत जोडावी."

मंडळ हादरलं. अप्पांच्या आनंदाला मात्र पारावार राहिला नाही. "झेरॉक्सवाले, बघा! आपला गोविंदा बाई हाय म्हणून सरकारनं लेखी दिलंय. याच्याहून मोठं बक्षीस कोणतं?" त्या पत्राच्या मी वीस प्रती काढल्या. एक गोविंदाच्या बायकोनं चुलीत घातली.

यंदा अर्ज टिकला. पाहणीला नांदेडहून मॅडम येणार, असं पत्र आलं. अडचण एकच उरली. यादीत अकरा कलावंत लागतात, आणि गावात होते दहा. अकरावे हमीदभाई, ढोलकीवाले.

हमीदभाई शिंपी. उभा जन्म त्यांचं शिलाई मशीन अप्पांच्या दुकानाच्या ओट्यावर होतं. अप्पा कापड फाडायचे, हमीदभाई शिवायचे, आणि गिऱ्हाईक नसलं की मशीनच्या फळीवर बोटांनी ठेका धरायचे. मग त्यांचे हात थरथरायला लागले. सुईत दोरा जाईना, ढोलकीवर थाप बसेना. मुलानं त्यांना लातूरला नेलं. मशीन ओट्यावरच राहिलं.

अप्पा तीनदा लातूरला जाऊन आले. तिसऱ्या खेपेला मी सोबत होतो. हमीदभाई पलंगावर बसलेले, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"तुला माझी कीव आली म्हणून बोलावून राहिला तू, अप्पा. मैं नई आता."

"कीव न्हाई, हमीद. नियम हाय. अकरा लागतेत."

"तो दूसरा बिठा ले. वाजवणारे कमी हैत का?"

आम्ही दोघंच परतीच्या एसटीत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी म्हणालो, "अप्पा, माझं नाव टाका. मला वाजवता येत नाही, पण मांडी घालून बसता येतं."

"टाका की वो अप्पा," गोविंदाही कळवळला. "यंदा अनुदान न्हाई आलं तर मंडळ बंद. फाटक्या पडद्यापुढं म्या न्हाई नाचणार."

अप्पांनी यादी काढली, पेन उघडलं, आणि एकदम उठून ओट्यावरच्या मशीनला तेल घालायला गेले.

"रोजचंच हाय हे," काकू आतून म्हणाल्या. "स्वतःच्या चहाला अर्ज करतेत. त्या मशीनीला तेल न मागताच मिळतंय."

पाहणीच्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात भारुड रंगलं. ढोलकीवाल्याच्या जागी नुसती ढोलकी ठेवली होती. दहा जण जीव तोडून गायले. मॅडम पोट धरून हसल्या आणि शेवटी गोविंदाला म्हणाल्या, "ताई, फार छान!" मग त्यांनी यादी घेतली आणि बोटानं माणसं मोजली.

"दहाच भरतात, अप्पा. एक नाव खोडा, दुसरं लिहा. मी आत्ता सही करते."

सगळं मंडळ माझ्याकडे बघू लागलं. मी ढोलकीच्या दिशेनं सरकलोसुद्धा. अप्पांनी खिशातून पेन काढलं, हमीदभाईंच्या नावावर नेलं, आणि तसंच परत खिशात ठेवलं. मग, ना विषय ना संदर्भ, ते भर पटांगणात ओरडले,

"मॅडम, अनुदान ऱ्हाऊ द्या! हमीदला 'हजर ऱ्हा' म्हणून एक सरकारी पत्र तेवढं द्या. माझं बोलावणं त्याला कीव वाटून राहिलंय!"