सामंत भावोजी आणि न रडणारी सुधा

सामंत भावोजी माणसाचा चेहरा बघत नसत, गळा बघत. भेटल्यावर नमस्कार नाही की काही नाही. मालवणीत विचारायचे, "गळो काय म्हणता?" आणि हनुवटीखाली नजर रोखायचे. ते जिन्यावर दिसले की चाळीतल्या बायका पदर गळ्यापर्यंत ओढून घेत.

पन्नासच्या दशकातलं आमचं मुलुंड. चाळीमागच्या बैठ्या घरात ते राहत आणि एका कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत. खिडकीत काचेच्या बरण्या, त्यांत बेडकांची शेपटीवाली पिल्लं. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीची पूड पाण्यात टाकली की पिल्लांना पाय लवकर फुटतात, हे त्यांनी सगळ्या चाळीला खिडकीशी बोलावून दाखवलं होतं. त्या बरण्यांमुळे त्यांच्या घरी मात्र कोणी पाऊल टाकत नसे.

साऱ्या जगाचा उलगडा त्यांना गळ्यात सापडे. घरमालक तापट, कारण त्याची ग्रंथी जास्त चालते. दूधवाला रेंगाळतो, त्याची कमी चालते. गणपतीत एका भजनीबुवांनी वरचा सूर लावला, तर हे बॅटरी घेऊन त्यांच्या गळ्याशी. बुवा पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. पण पन्नाशीच्या कुलकर्णीकाकू विसरायला, रडायला लागल्या आणि मुलगे त्यांना मांत्रिकाकडे न्यायला निघाले, तेव्हा यांनीच मुलांना बसवून सांगितलं की या वयात बाईच्या शरीरातले रस आटतात, ते मेंदूलाही जाणवतं. आईला वेड लागलेलं नाही, तिच्यावर ओरडू नका.

माझी सुधा तेव्हा दोन महिन्यांची होती. रडायची नाही. दूध पिता पिता झोपायची. सासूबाई कौतुकानं सांगायच्या, असं शहाणं बाळ घराण्यात झालं नाही. सामंत एकदा दारातून बघून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणाले, "वहिनी, न रडणारं बाळ मला आवडत नाही."

सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. पण ते रोज कॉलेजला जाताना दारात उभे. रडली का? पोट साफ झालं का? हातपाय गार असतात का? जीभ बाहेर येते का? माझी उत्तरं ऐकून त्यांचा चेहरा उतरत जाई. आठव्या दिवशी आमचे हे वैतागले. निदान सामंतांचं तोंड बंद होईल म्हणून आम्ही सुधाला मोठ्या इस्पितळात नेलं.

डॉक्टरांनी तिला बराच वेळ तपासलं. तिची ग्रंथी जवळजवळ कामच करत नव्हती. रोज गोळीचा तुकडा दुधातून द्यायचा, एकही दिवस चुकवायचा नाही. आणखी काही महिने गेले असते तर मेंदूची वाढ खुंटली असती, असं ते म्हणाले. सासूबाई घरी येऊन देवापुढे बसल्या त्या जेवायलाही उठल्या नाहीत.

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सुधानं असं भोकाड पसरलं की शेजारी गोळा झाले. सामंत अर्धी दाढी करून, गालाला साबण तसाच ठेवून आले. थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि उरलेली दाढी करायला निघून गेले.

संध्याकाळी मी सुधाला कडेवर घेऊन पेढे द्यायला गेले. दार कधी न पाहिलेल्या एका बाईनं उघडलं. केस पिकलेले, उंची मात्र आठ वर्षांच्या मुलीएवढी, अंगात परकर-पोलकं.

"ही माझी थोरली बहीण," सामंत म्हणाले. "गावी कोणाला काही कळलं नाही. मी कॉलेजात लागलो, बरण्या धुता धुता शिकलो, तेव्हा हिला गोळी मिळाली. सव्वीस वर्षांची होती. अंगाला ऊब आली, हसायला लागली. पण मेंदू वाढायचे दिवस एकदाच येतात, वहिनी."

ताईंनी हात पुढे केले. मी क्षणभर घुटमळले, मग सुधाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. सामंत शेजारी टेकले आणि ताईंना कळणार नाही अशा बेतानं आपले दोन्ही हात त्यांच्या हातांखाली धरून बसले.

ताई बराच वेळ सुधाकडे बघत होत्या. मग त्यांनी जड जिभेनं विचारलं, "हिला शाळेत घेतील?"

"घेतील हां, ताई," सामंत म्हणाले.