गोठ्यातली रेंज

जालिंदरने सुट्टीचा विषय काढला की सत्यभामा अडकायची.

"अगं, सुट्टीचं जरा सांगायचं हुतं," एवढं त्याने म्हणावं, आणि फोनच्या पडद्यावर बायकोचा चेहरा जागच्या जागी थिजावा. डोळे वटारलेले, ओठ अर्धवट उघडे. मग फोन बंद. थोड्या वेळाने मेसेज यायचा, 'रेंज गेली.' दिवाळीची सुट्टी कंपनीने थेट होळीवर ढकलली होती, आणि ही बातमी कतारहून जतजवळच्या वाडीत काही केल्या पोचत नव्हती.

जालिंदरला हे फार लागलं. लुसैलमध्ये समुद्राकाठच्या इमारतींतले फोन-इंटरनेटचे जोड दमट हवेत गंजू नयेत म्हणून त्यांत चिकट जेल भरून ते हवाबंद करायचे, हेच तर त्याचं काम. आणि त्याच्याच खोलीत ही दशा! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

शुक्रवारी तो इरेला पेटला. राउटरची वायर काढली, पुसली, जेल लावून बसवली. तेवढ्याने समाधान होईना म्हणून फोनच्या चार्जिंगच्या भोकातही जेल घातलं, आणि मग ते टूथपिकने उकरत बसला. शेवटी मोर्चा बाहेरच्या भिंतीवरच्या डब्याकडे वळला. त्यावर एसीचं पाणी ठिबकत होतं. आत तांब्याच्या तारांवर हिरवा गंज दिसताच त्याला चोर पकडल्याचा आनंद झाला. त्या भरात, कंपनीचे सगळे कामगार राहत होते त्या अख्ख्या व्हिलाच्या तारा त्याने सोडवल्या.

"जालिंदर!" त्याच्या खोलीत राहणारा वसईचा लॉरेन्स धावत आला. "मम्मी व्हिडिओवर रोझरी सांगत होती रे! मधेच बंद! आता तिला वाटणार, मी प्रार्थना सोडून पळालो!"

वरच्या मजल्यावरून उमैर ओरडला, "भाई, मॅच चल रहा था!"

"खलास, पाच मिनट!" जालिंदर म्हणाला. त्या पाच मिनिटांत दुपार कलली.

मग त्याने घरी फोन लावला आणि आधी लाईन दुरुस्त केल्याचं सांगितलं. आज सत्यभामा गोठ्याच्या दारात बसली होती. गाय व्यायली होती, वासरू दाखवायचं होतं. चित्र आरशासारखं लख्ख. जालिंदरचा ऊर भरून आला. आत्ताच्या आत्ता तिच्या शेजारी जाऊन बसावं, असं त्याला वाटलं.

"आवो, तुमच्यावरच गेलंय," ती म्हणाली. "सारखं ढुशा मारतंय."

"सत्यभामे, सुट्टीचं सांगायचं हुतं..."

ती थिजली. डोळे वटारलेले, ओठ अर्धवट उघडे. जालिंदर कपाळावर हात मारणार, तोच त्याला दिसलं, की तिच्या मागे वासरू शेपटी हलवतंय. मग वासराने तिचा पदर चघळायला घेतला. तरी सत्यभामा हलली नाही. फक्त तिच्या डोळ्यातून पाणी ओघळलं.

म्हणजे इतके दिवस रेंज जातच नव्हती. सुट्टीचं ऐकायला लागू नये म्हणून ही बाई श्वास रोखून बसत होती! जालिंदरला हसूही आलं आणि रडूही. त्याने डोळे वटारले, ओठ अर्धवट उघडले आणि तोही तसाच बसला.

लॉरेन्स मागून डोकावला. "काय रे, तू पण हँग झालास?"

तिकडून फिस्सकन हसू फुटलं. सत्यभामाने वासराच्या तोंडातून पदर ओढला आणि त्याच ओल्या पदराने डोळे पुसले.

"लाईन लई झ्याक केलीत बगा," ती म्हणाली. "बोला आता. कवा येताय?"

"होळीला."

"रेंज गेली," सत्यभामा म्हणाली.

पण फोन तिने ठेवला नाही, आणि त्यानेही. बराच वेळ दोघं तशीच बसून राहिली. वासरू तेवढं शेपटी हलवत होतं.