वाणात गेलेली सखी

उल्काने पास केलेली वस्तू कधी नापास होत नाही, असं व्हाइटफील्डच्या त्या सोसायटीतल्या तमाम मराठी बायकांचं मत होतं, आणि उल्काचंही अगदी तेच मत होतं! एअर फ्रायर असो, बाबागाडी असो की डास मारायची रॅकेट, 'आपली माणसं' या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी उल्काचा शेरा पडायचा आणि मगच बाकीच्या बायका वस्तू मागवायच्या. का नाही मागवणार? मुलगी सॉफ्टवेअर टेस्टर! दुसऱ्याने जीव ओतून केलेल्या कामात खोट काढायची आणि वर त्याचा पगार घ्यायचा! कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात तिने सुशांतला पहिला प्रश्न विचारला होता, "घोरता का? आणि घोरत असाल तर कोणत्या कुशीवर?"

शंभूराज झाल्यावर तर ही परीक्षक वृत्ती चोवीस तास ड्यूटीवर गेली. अंघोळीचं पाणी आधी तिच्या कोपराने तपासलं जायचं, मग थर्मामीटरने, आणि खात्रीसाठी शेवटी सुशांतच्या कोपराने. पोराचं वजन हल्ली छान वाढत होतं. श्रेय अर्थातच उल्काच्या नाचणीच्या सत्त्वाला! तिने रेसिपी ग्रुपवर टाकली आणि व्हाइटफील्डातली निम्मी मराठी बाळं नाचणीला लागली.

पण आता सोमवार तोंडावर आला होता. लांबलेली रजा संपून उल्का ऑफिसला जाणार होती, आणि सासूबाई, म्हणजे शालनताई, संक्रांतीचं हळदीकुंकू उरकून सांगलीला परतणार होत्या. शंभूला ठेवायचं कुठे? पाळणाघरं एकजात नापास झाली. एकीकडच्या पायऱ्या गुळगुळीत, तर दुसरीकडच्या बाई गुळगुळीत! पास झाल्या त्या फक्त खालच्या मजल्यावरच्या महानंदाअक्का. मूळच्या निपाणीच्या, बँकेतून निवृत्त, मराठी आणि कानडी दोन्ही भाषांत सारख्याच मोठ्याने हसणाऱ्या. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला होता, "सोमवारपासनं पोरगं माझ्याकडं. पगाराचं बोललीस तर जिन्यावरनं ढकलून देईन!"

अक्कांमध्ये दोष एकच. हात सैल! डब्यात नेहमी घरी दूध आटवून केलेला कुंदा, त्यात बेळगावी पद्धतीची भरपूर साखर आणि तूप, आणि समोर दिसेल त्या तोंडात तो भरवायची हौस.

म्हणून तर 'सखी' आणली होती!

सखी म्हणजे डिंकाच्या लाडवापेक्षा जरा मोठा, लाल कापड ल्यालेला, कुठेही उचलून नेता येणारा स्पीकर. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचा, गाणी लावायचा, आणि मुख्य म्हणजे आपल्याच आवाजात भरून ठेवलेल्या आठवणी वेळच्या वेळी ऐकवायचा. आई ऑफिसात, आवाज घरात! सोमवारी शंभूबरोबर सखीही अक्कांकडे जायची होती. त्यांच्यासाठी गोड, सौम्य वाक्यं उल्का रविवारी भरणार होती. तोवर चाचणीसाठी सासूबाईंना उद्देशून खरीखुरी वाक्यं भरली होती.

उल्काने चाचणी अशी घेतली, की सखीच्या जागी माणूस असता तर पोलिसात गेला असता. वायफाय बंद करून पाहिलं. आठवणी स्पीकरच्या पोटातच साठवलेल्या, त्यामुळे नेटवाचूनही बरोबर वेळेवर बोलल्या. पास! मिक्सर, कुकर आणि टीव्ही एकदम लावून पाहिले. आजूबाजूला गोंगाट झाला की सखी आपोआप आवाज चढवायची. पास! कुणीतरी "ऐकलं" म्हणेपर्यंत आठवण पुन्हा पुन्हा सांगायची. पास, आणि वर शाबासकी! बटणांना कुलूप, ते फक्त उल्काच्या फोनवरून उघडायचं. पास! सगळ्यात स्वच्छ आवाज कुठून येतो हे तपासत घरभर फिरवून शेवटी ती बाल्कनीच्या ग्रिलला अडकवली. तिथून तर आवाज नुसता खणखणीत!

शालनताई मात्र वैतागल्या होत्या. "आधी सून एक होती, आता दोन झाल्या! एक निदान झोपते तरी!"

रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला बाल्कनीतून उल्काचा आवाज गरजायचा, "आई, सहा वाजले! महानंदाअक्का आल्या तर त्यांचा कुंदा शंभूला अजिबात देऊ नका! साखर केवढी असते त्यात! तूप तर नुसतं ओघळतं! गोड बोलून टाळा! कळू देऊ नका!"

"ऐकलं!" शालनताई स्वयंपाकघरातून ओरडायच्या. मग शांतता.

शनिवारी दुपारी हळदीकुंकू झालं. बायका आल्या, तिळगूळ झाला, अक्कांनी कानडी तिळगुळाची, म्हणजे एळ्ळु-बेल्लाची पुडी आणली, शालनताईंनी सांगलीहून आणलेले पितळी करंडे लाल जाळीच्या पिशव्यांतून वाण म्हणून दिले. सगळं कसं सुरळीत! बायका गेल्यावर उल्काने फोन पाहिला. ग्रुपवर विचारणा होती, 'सखीचा निकाल काय? घ्यायची का?'

शेवटचा शेरा लिहिण्याआधी एकदा पाहून घ्यावं म्हणून ती बाल्कनीत गेली. ग्रिल मोकळं!

"आई, सखी कुठंय?"

"कोण सखी? ती होय! दिली महानंदाला."

"दिली म्हणजे?"

"वाण म्हणून! एक करंडा कमी पडला. ती बया पदर पसरून उभी. रिकामं पाठवू होय सवाष्णीला? लाल दिसली, जाळीत घातली, कुंकू लावलं, दिली!"

उल्का गर्रकन भिंतीकडे वळली. घड्याळ पाहिलं. सहाला थोडाच अवकाश होता! त्यातून अक्का सीमेवरच्या. एखादी कन्नडच बोलणारी शेजारीण असती तर निदान भाषेची भिंत तरी आडवी आली असती. इथे शब्द न् शब्द कळणार होता!

"आई, आत्ताच्या आत्ता परत आणा ती!"

"दिलेलं वाण परत मागतात?" शालनताईंनी कानांना हात लावले. "सात पिढ्यांत कुणी मागितलं नाही! तुला मागायचं तर माग, पण मी सांगलीला पोचल्यावर!"

उल्काने फोन काढून सखी बंद करायचा प्रयत्न केला. 'सखी संपर्काबाहेर आहे.' तिने नवऱ्याला हाक मारली, तर आतल्या खोलीतून सुशांत म्हणाला, "कॉलवर आहे गं, पाच मिनिटं." त्याची पाच मिनिटं म्हणजे व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमधली पाच मिनिटं. ती तिळगुळाची वाटी उचलून जिन्याने खाली धावली.

"अक्का, तिळगूळ द्यायचा राहिला!"

"दोनदा दिलास की मगाशी! ये, बस."

"नको, घाई आहे..."

"बस म्हणते ना! उभ्या उभ्या काय, घोडं बांधलंय होय खाली? स्वल्प थांब. सहा तर वाजू देत."

उल्का बसली, पण तिचे डोळे घरभर धावत होते. सोफा, टीपॉय, टीव्ही... आणि देव्हारा! अक्कांनी सखी देवांपुढे ठेवली होती. हळदीकुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल!

"काय देखणं वाण दिलंय तुझ्या सासूनं!" अक्का म्हणाल्या. "न्हाईतर हल्ली बायका प्लास्टिकचा चमचा देऊन मोकळ्या होतात."

"अक्का, ते वाण... म्हणजे त्याला जरा धूळ आहे. वर नेऊन पुसून आणू?"

"देवापुढचं उचलतीस? पाप लागंल की!"

घड्याळाचा काटा सरकला. वर्षभराची मेहनत, पास झालेली एकुलती एक बाई, सोमवार, ऑफिस, शंभू, सगळं त्या झेंडूच्या फुलाखाली टिकटिक करत होतं! आणि एकदम तिला युक्ती सुचली.

"अक्का, दिवेलागण झाली! आरती करूया?"

"तू? आणि आरती?" अक्कांच्या भुवया वर गेल्या.

उत्तराची वाट कोण बघतंय! उल्काने देव्हाऱ्यातली घंटा उचलली आणि तोंडाला येईल ती आरती सुरू केली. नेमक्या त्याच क्षणी सखी बोलली, "आई, सहा वाजले!"

उल्काने घंटा जोरात हलवली. सखीने आवाज चढवला. का नाही चढवणार? गोंगाटाच्या परीक्षेत पहिली आली होती! उल्का तार सप्तकात गेली. सखी त्याच्याही वर. आतल्या खोलीतून अक्कांचे यजमान मल्लाप्पाअण्णा दचकून बाहेर आले आणि भक्तीचा हा पूर बघून त्यांनीही टाळ काढले! सखीने टाळही हिशेबात धरले. समोरच्या फ्लॅटमधलं कुत्रं भुंकायला लागलं. सखीने तेही धरलं! पहिली आरती संपली, दुसरीची दोनच कडवी येत होती तीही संपली, तिसरीला नुसतेच आलाप झाले. शेवटी दमच संपला. घंटा थांबली, टाळ थांबले, कुत्रंही थांबलं.

आणि त्या पवित्र शांततेत, चढत्या आवाजाला उतरायची सवड न मिळाल्यामुळे, देव्हाऱ्यातून उल्काचाच आवाज कडाडला, "तूप तर नुसतं ओघळतं! गोड बोलून टाळा! कळू देऊ नका!"

मल्लाप्पाअण्णांनी हात जोडले होते, ते तसेच राहिले.

"आई, सहा वाजले! महानंदाअक्का आल्या तर..." सखीने पहिल्यापासून सुरुवात केली. एकच शब्द म्हणायचा होता, पण आरतीच्या गडबडीत तो उल्काला सुचलाच नव्हता!

"ऐकलं!" अक्का शांतपणे म्हणाल्या. सखी गप्प झाली.

उल्काच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अक्का, मी... ते फक्त चाचणीपुरतं होतं... सोमवारी शंभूला..."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग त्या अशा काही हसल्या, की समोरचं कुत्रं पुन्हा भुंकू लागलं.

"अगं खुळे, मला काय आज कळलंय होय? तुझी बाल्कनी वर, माझी खाली! रोज सहाला बोंबलतंय की ते डोस्क्यावर!"

उल्काने हातातली घंटा खाली ठेवली. वायफाय खालच्या मजल्यापर्यंत पोचत नव्हतं. आवाज तेवढा पोचत होता!

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की! पयल्या दिवशी म्हटलं, हिचं पोर हिलाच लखलाभ! सांगायला वरच यायला निघाले, तर तुझी सासू दारात. काखेत शंभू. म्हणाली, 'महानंदाबाई, ते सहाला ओरडतं. मी ह्याला फिरवायला म्हणून खाली आणते, कुंद्याचं साडेपाचलाच उरकत जाऊ!'"

"म्हणजे... रोज?"

"रोज! दोन चमचे. परवा तीन."

उल्काच्या डोळ्यांपुढून नाचणीचं सत्त्व संथपणे तरंगत गेलं.

"आणि सोमवारचं?" तिने चाचरत विचारलं.

"सोमवारी आण की पोराला! साखर जरा कमी घालीन, सरी? चालंल न्हवं? पण हे वाण माझं. आणि ह्यात आवाज कसा भरायचा ते उद्या मला शिकव!"

उल्का वर आली. शालनताई सांगलीची बॅग भरत होत्या. बॅगेच्या कोपऱ्यात लाल जाळीच्या पिशवीत एक पितळी करंडा चमकत होता.

"आई! करंडा कमी पडला म्हणालात ना?"

"अगंबाई, हा राहिला होय!" शालनताई शंभूचं तोंड पुसत म्हणाल्या. "मोजताना चुकलं असेल. वय झालं गं आता."

सोमवारी ऑफिसातून कॅबने कासवाच्या गतीने परत येऊन उल्का धापा टाकत अक्कांच्या दारात उभी राहिली. शंभू मल्लाप्पाअण्णांच्या पोटावर बसून टाळ वाजवत होता. आईकडे त्याने एकदा पाहिलं आणि पुन्हा टाळ वाजवायला लागला. उल्का विचारणार होती, काय खाल्लं, किती झोपला, पाणी किती प्यायला... तोंड उघडलं आणि अक्कांनी त्यात कुंद्याचा मोठ्ठा चमचा सारला. त्याच वेळी देव्हाऱ्यातून अक्कांचा आवाज गरजला, "उल्का आली की आधी तिला खायला घाला! पोराची चौकशी करायला लागली तर गोड बोलून टाळा!"

"ऐकलं" म्हणायला उल्काचं तोंड मोकळं नव्हतं. टाळ वाजतच होते. सखीने आवाज चढवला.

रात्री तिने ग्रुपवर शेवटी निकाल टाकला: 'सखी पास. आवाज खालच्या मजल्यापर्यंत स्वच्छ पोचतो, त्यामुळे जपून बोलावे. नाचणीच्या सत्त्वाची रेसिपी मात्र रद्द समजावी.'