टेबल हलवायचं नाही

ऐक, आधी नुसतं ऐक, मध्ये मध्ये "मग?" करू नकोस. आपला सुफियान, कामतघरचा, मुनीरचाचांचा मुलगा. त्याला तीन महिन्यांच्या ट्रायलवर एका सर्वे कंपनीत चिकटवलं होतं. काम काय, तर आपल्या पट्ट्यातली मालवाहतूक किती कार्यक्षम आहे ते मोजायचं. शुक्रवार शेवटचा दिवस. संध्याकाळी सहापर्यंत साठ फॉर्म झाले तर पर्मनंट, नाहीतर सोमवारी सकाळी सातला अब्बांच्या यंत्रमागाच्या कारखान्यात शिफ्ट. अब्बांनी लूमसुद्धा ठरवून ठेवला होता. चौदा नंबर, ज्याचा धागा दर दहा मिनिटांनी तुटतो.

मानकोलीहून गोडाऊनांकडे जाणारा तो रस्ता माहितीये ना? अर्ध्यात कंटेनर उभे असतात, उरलेल्या अर्ध्यातून गाड्या जातात. त्या उरलेल्या अर्ध्याच्या कडेला सुफियानचं टेबल, वर छत्री, हातात टॅब. कुणाल सरांनी ऑफिसातून बजावलं होतं, "टेबल हलवायचं नाही. मॅपवर पॉइंट लॉक केलाय."

साडेआठला पहिला टेम्पो थांबवला. दिघाशीचा देवू, कापडाचे तागे भरलेले.

"देवूदादा, गेल्या एका तासात किती मिनिटं अडकलात?"

"न्हाय अडकलो."

"अंदाजे सांगा."

"अंदाजे न्हाय अडकलो."

फॉर्ममध्ये बेचाळीस प्रश्न. रस्त्याबद्दल समाधान एक ते पाच, टायरची हवा, महिन्यातून किती वेळा निराश वाटतं. देवू वैतागला. "तीन खेपा झाल्या तं रस्ता चांगला, येकच झाली तं वाईट. यात मोजायचं काय हाय?"

या उत्तरासाठी फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

दहा वाजता कुणाल सरांचा फोन. "सगळीकडे शून्य? भिवंडीत शून्य? असं होतच नाही. सॅम्पल कमी पडतंय. दर दहावी गाडी नको, प्रत्येक तिसरी थांबव."

सुफियानने प्रत्येक तिसरी थांबवली. एका फॉर्मला सात मिनिटं, आणि टॅबवर ते गोल फिरणारं चक्र, ते वेगळं. बरं, गाडी थांबणार कुठे? रस्त्यातच! पण काय सांगू तुला, आकडे एकदम जिवंत झाले! अकराला उत्तर आलं पाच मिनिटं. बाराला वीस. दीड वाजता एक सरदारजी खाली उतरूनच आला, "पचपन मिनट लिख, और तेरा नाम भी बता!" सुफियान खूश. लोक आता कुठे मोकळेपणाने बोलायला लागले, असं वाटलं त्याला!

तेवढ्यात भागी आली, टोपलीत उकडलेल्या शेंगा. रोज ती नाक्यावर बसते, आज रांगेच्या शेपटापासून विकत विकत टेबलापर्यंत पोचली आणि टोपली रिकामी. "बाला, लय बेस काम करतोस तू. सोमवारी हायेस ना? दोन टोपल्या आणते."

चारला देवू परत. टेम्पोतून नाही, चालत. टेम्पो मागे पाऊण किलोमीटरवर.

"सायेब," म्हणाला. सकाळी 'सुफियान' होता, आता सायेब! "माझी दुसरीच खेप हाय ही. पाचला गोडाऊनचा गेट बंद व्हतो. माल घरी नेऊ का? बायको म्हणंल, आणलास तं शिवून दे."

"अडकलात कशामुळे? चोवीस नंबरचा प्रश्न आहे."

देवूने टेबलाकडे बोट दाखवलं.

सुफियानने पर्याय बघितले. खड्डे, पाऊस, अपघात, मोर्चा, इतर. आणि मग त्याने पहिल्यांदा मान वर करून रांग बघितली. टेबलाच्या पुढे रस्ता असा मोकळा, की क्रिकेट खेळावं. टेबलाच्या मागे, नजर पोचेल तिथपर्यंत, सगळी भिवंडी हॉर्न वाजवत उभी.



साडेपाचला त्याच रांगेतून कुणाल सर आले. गाडी सोडून, घामाघूम, हातात बूट. सुफियान उठला, "सर, मला वाटतं, हे टेबल..."

"टेबल? अरे, काय जागी लावलंस तू टेबल! सकाळी शून्य, संध्याकाळी सव्वा तास! अख्ख्या पट्ट्यात इतका वाईट पॉइंट कुणाला सापडला नव्हता. मी स्वतः अनुभवला!"

"सर, पण कारण..."

"कारणांचा सर्वे वेगळा, तो पुढच्या वर्षी. तू पर्मनंट! या पॉइंटचा इनचार्ज. सोमवारपासून रोज मोजायचं. आणि समोरच्या बाजूलाही एक टेबल देतो." तिथल्या तिथे टॅबवर पत्र पाठवलं आणि सर गेले. चालतच.

टॅबवर हिरवं बटण. 'स्वीकारा'. साठावा फॉर्मही देवूच्याच नावाने झालेला. भागी लांबून हात हलवतेय, सोमवारी भेटू म्हणून. कारखान्यात चौदा नंबर वाट बघतोय.

देवूने टेबलाचं एक टोक उचललं होतं.

"धर तिकडून," तो म्हणाला. "दोन हात मागं घेऊ, गटाराच्या पलीकडं. बास. जास्त न्हाय."

दोन हात मागे घेतलं की थांबवलेली गाडी कडेला जाते आणि रस्ता मोकळा. रस्ता मोकळा की सोमवारी परत शून्य. आणि शून्य मोजायला पगार कोण देतो?

सुफियानचा एक हात टेबलावर, दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर, आणि मागून सव्वा तास तुंबलेले सगळे हॉर्न एकदम. हसू नकोस, खरं सांग. तू काय केलं असतंस?