पोकळ गिटारीत मसाला भरला त्याची हकीकत

श्री कुलदेवीस दंडवत, ताल आणि सूर या दोघां भावांस दंडवत, आणि ज्या मायबाप रयतेने आमच्या घराण्याचे वाजप ऐकून हातातली भजी थंड होऊ दिली तीस शतशः दंडवत. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, चैत्रापासून आश्विनापर्यंत राज्यात जे वर्तले ते येथे लिहिले असे. संवत्सराच्या नावावरूनच आम्ही ओळखायला हवे होते, पण ओळखले नाही. आमची शाळा दुसरीतच सुटली. तरी वाजपात कोण कुठे चुकला हे पाठ फिरवून सांगू, तेव्हा शुद्धलेखनास कोणी हसू नये.

राज्य ऐसे. तीन खोल्यांचा राजवाडा, पुढे पत्र्याचे छप्पर, छपराखाली रणवाद्ये. ताशे दोन, ढोलकी एक, बेंजो एक, पेटीसारखा वाजणारा कीबोर्ड एक, आणि सर्व फौज वाहून नेणारा टेंपो एक, तो उतारावरून ढकलला तरच चालू होई. राज्याचे नाव सांगत नाही, पंचक्रोशीस ठाऊक आहे. सरलष्कर आमचे धाकटे दीर हिंदुराव, ताशावर त्यांचा हात ऐसा की पोरे कानात बोटे घालून नाचत. आणि सर्व वाद्यांत मानाची एक गिटार. ती थोरल्या महाराजांची, म्हणजे आमचे यजमान केरोजी यांची. अंगाने पोकळ, रंगाने मधासारखी, छातीवर दोन वाकड्या फटी, त्यातून आवाज बाहेर येई. वीजेची तार लाविली तरी ती बोले आणि न लाविली तरी बोले, हा तिचा गुण. महाराज रोज सकाळी आम्ही भाकरी थापीत असता उंबऱ्यावर बसून तार न लाविता वाजवीत आणि आमच्या थापेवर ठेका धरीत. आम्ही म्हणावे, "करपली बघा तुमच्या नादानं," आणि त्यांनी म्हणावे, "करपलेली माझ्या ताटात वाढ." ऐसी एकोणतीस वर्षे गेली. मग महाराज कैलासवासी जाहले आणि गिटार आमचे पुत्र उदाजीराजे यांचे हाती आली. तेही सकाळी त्याच उंबऱ्यावर बसू लागले आणि तेच वाजवू लागले, मधे एक ठिकाणी महाराज अडखळत तिथे हेही मुद्दाम अडखळत. आम्ही त्यावर कधी काही बोललो नाही. परंतु त्या वेळी दुसरे कोणी स्वयंपाकघरात आलेले आम्हास खपत नसे.

मग काळ फिरला. पूर्वी लग्नाच्या वरातीस दोन कर्णे पुरत, आता भिंतीएवढे स्पीकर आले, आणि ज्याची भिंत उंच तो राजा ऐसे जाहले. शेजारच्या राज्याने बारा स्पीकर केले, आम्ही चौदा केले. मग चैत्र वद्य पंचमीस नदीकाठच्या देवीची जत्रा, पालखी निघण्यापूर्वी चौकात दोन्ही ताफे समोरासमोर उभे करून सामना लावायचा ऐसा तिथला रिवाज. दुपार कलली, पंचांनी खूण केली, हिंदुरावांनी ताशा उचलिला आणि उदाजीराजांनी गिटारीस तार लाविली. पहिली चार आवर्तने बरी गेली. मग आवाज वाढविला आणि गिटार हंबरली. कोणी हात लाविला नाही, कोणी तार छेडली नाही, आणि ती आपोआप हूं करून उठली आणि त्या हूंचे दुप्पट हूं जाहले आणि चौदाच्या चौदा स्पीकरांतून एकच हंबरडा फुटला. देवीचे बैल उधळले. समोरचा ताफा वाजवायचा थांबला आणि त्यांचा ढोलकीवाला माईकवर म्हणाला, "आक्का, म्हस व्याली का काय तुमची?" सारी जत्रा हसली. आम्ही पदर खोचून उभ्या होतो तशाच उभ्या राहिलो. हसणाऱ्यांची तोंडे एकेक करून ध्यानात ठेविली.

घरी आल्यावर मसलत बसली. हिंदुराव म्हणाले, "वैनी, वाद्य चांगलं, जागा वाईट. स्पीकरचा आवाज हिच्या पोटात शिरतो, पोट हलतं, तारा हलतात, त्या परत स्पीकरात जातात, असं चक्र लागतंय. आता समदी भरीव गिटार वापरत्यात. नुसती फळी असती. फळीच्या पोटात काय शिरणार?"

उदाजीराजे म्हणाले, "आई, ही हंबरते कारण हिला ऐकू येतं. भरिवला ऐकूच येत नाही, म्हणून ती गप असते. जत्रेला एक भरीव घेऊ. बाबांची घरी राहू दे."

बोलणे सरळ होते, त्यात काही खोट नव्हती. परंतु आमच्या कानास ते निराळेच लागले. महाराजांची गिटार घरी बसवायची आणि तिच्या जागी परकी फळी मिरवायची, म्हणजे थोरलीला माजघरात कोंडून धाकटी सवत पालखीत घालणे. आम्ही म्हणालो, "या राज्यात दुसरी गिटार येणार नाही. जी आहे तिनंच जिंकायचं." आणि हिंदुरावांस म्हणालो, "भावजी, तुमचा ताशा फुटला तर ताशा बदलाल, भाऊ बदलाल का?" त्यावर त्यांनी तंबाखू मळली.

मग उदाजीराजांनी युक्ती काढिली. आमचे जुने लुगडे फाडून त्याच्या घड्या गिटारीच्या फटींतून आत सारिल्या, वरून चिकटपट्टी लाविली, आणि वैशाखात एका सावकाराच्या वरातीस ती स्पीकरांच्या बाजूस उभे न राहता टेंपोच्या मागे उभे राहून वाजविली. निम्मे काम जाहले. मध्यम आवाजास ती गप राही, फार चढविला की कण्हे. वरात संपली आणि राजांनी चिमट्याने कापड बाहेर काढिले, गिटार पूर्ववत जाहली आणि दुसरे दिवशी उंबऱ्यावर वाजली. राजे म्हणाले, "एवढ्यावर भागवू आई, आपण आवाज दोन काटे कमी ठेवू." हे जर ऐकले असते तर ही हकीकत लिहावी लागली नसती. परंतु आवाज दोन काटे कमी ठेवणे म्हणजे शेजारच्या राज्यापुढे मान दोन बोटे खाली घालणे, आणि आमची मान खाली होत नाही हा आमचा रोग.

आषाढात आम्ही ढोलकी घेऊन बसलो होतो. ढोलकीच्या धुमेचा, म्हणजे खर्जाच्या बाजूचा, आवाज फार घुमू लागला की तोंड उघडून आतून मसाला लाविती. तेल, राळ आणि माती एकत्र मळून पानास, म्हणजे कातड्यास, थापिती, मग ते पान जड होऊन मुठीत राहते. हे काम आम्ही सासूपासून शिकलो, या घराण्यात आमच्याइतका मसाला कोणास साधत नाही. हात मसाल्यात असता मनात आले की पोकळ वाद्य घुमते, घुमणाऱ्यास मसाला लाविती, मग गिटारीस का लावू नये. पोट भरले की ती आपसूक भरीव होईल. महाराजांची गिटारही राहील आणि हंबरडाही जाईल. दोन्ही मिळतील. हा विचार आम्हास इतका आवडला की आम्ही हात न धुता उठलो.

ज्ञानू सुतारास बोलाविले. ज्ञानू म्हणाला, "आक्का, मी पाट-देव्हारे करणारा माणूस. ह्यातलं मला काय कळत नाही." आम्ही म्हणालो, "कळायचं नाही, भरायचं. भुसा तुझा, सरस तुझा, मसाला माझा."

उदाजीराजे गिटार पोटाशी धरून उभे होते. म्हणाले, "आई, लुगडं निघालं तसं हे निघणार नाही."

"ढोलकीचं निघतं."

"ढोलकीला तोंड आहे, ते उघडतं. हिचं तोंड कुठंय?"

सूनबाई सुरेखा दारातून म्हणाली, "आत्याबाई, ते म्हणतात ते एकदा ऐका तरी." आम्ही तिला म्हणालो, "तू आमटी बघ." आणि मग उदाजीराजांस जे बोललो ते येथे लिहितो, कारण तेच या सर्व प्रकरणाचे मूळ. आम्ही म्हणालो, "तुला नवी आणायची हौस आलीय, म्हणून आडवा येतोस. बापाची नको झाली असेल तर तसं सांग."

राजांनी एकदा गिटारीच्या तारांवरून अंगठा फिरविला, मग तारा सैल केल्या, मग ती ज्ञानूच्या हाती दिली आणि चप्पल घालून बाहेर गेले. ज्ञानूने फटींतून नरसाळे लावून भुसा, सरस आणि मसाला यांचे दाट कालवण ओतिले, आणि आम्ही शेजारी बसून काठीने कोपऱ्यांत दाबविले. एक कोपरा रिकामा राहू दिला नाही. आठ दिवस वाळत ठेविली. उचलली तेव्हा वरवंट्याएवढी जड लागली, आणि आम्हास मोठा आनंद जाहला.

मग भाद्रपद शुद्ध चतुर्थीस गणपतीचे आगमन, भर दुपारी, पुन्हा त्याच शेजारच्या राज्याशी गाठ. त्यांचे सोळा स्पीकर, आमचे अठरा. आम्ही उदाजीस म्हणालो, "चढव." त्याने चढविला. गिटार हंबरली नाही. आणखी चढविला, तरी हंबरली नाही. खिडक्यांच्या काचा वाजू लागल्या आणि ती गप ऐकून घेत राहिली. समोरच्या ताफ्याचा ढोलकीवाला खाली बसला. पंचांनी आम्हास फेटा बांधिला, पोरांनी हिंदुरावांस खांद्यावर घेतले, आणि आम्ही त्या ढोलकीवाल्यास म्हणालो, "म्हस आटली रे बाबा, आता धार नाही." सारे हसले. उदाजीही हसले ऐसे आम्हास त्या वेळी वाटले. जीत मोठी होती. सूर कसा लागला हे कोणी विचारिले नाही, आम्हीही नाही.

पुढे पितृपक्ष लागला. महाराजांची तिथी अष्टमीस. सकाळी आम्ही चूल पेटविली, उदाजी अंघोळ करून आले, आणि आम्हीच म्हणालो, जे आजवर कधी म्हणालो नव्हतो, "आज जरा वाजव. त्यांना बरं वाटेल." तेव्हा ध्यानी आले की सामन्याच्या आधीपासून उंबरा मोकळाच होता. भरणे, वाळविणे, तालीम, या धांदलीत आमच्या लक्षात आले नव्हते. राजे गिटार घेऊन बसले आणि तार न लाविता वाजवू लागले. बोटे फिरत होती ती दिसत होती, ऐकू काही येत नव्हते. आम्ही भाकरी थापायचे थांबविले तरी येईना. चुलीतले लाकूड बाजूस ओढिले तरी येईना. मग उठून जवळ गेलो आणि गिटारीच्या पाठीस कान लाविला, तेव्हा फार लांब, दोन भिंतींपलीकडे कोणी खिळा ठोकतो तैसे टक टक ऐकू आले. महाराज जिथे अडखळत तिथे राजे अडखळले, तेही बोटांवरूनच कळले.

आम्ही म्हणालो, "तार लाव."

"तार लावली तर स्पीकर बोलेल, आई. ही नाही बोलणार." इतके बोलून त्यांनी गिटार भिंतीस टेकविली आणि पान वाढायला मदत करू लागले.

त्याच दिवशी दुपारी आम्ही ज्ञानूस पुन्हा बोलाविले. "काढ आतलं." ज्ञानू म्हणाला, "आक्का, दगड झालाय आत." आम्ही म्हणालो, "दगड झाला तर टाकी लाव." त्याने एका फटीतून छन्नी घातली, अगदी हळू, सोन्याच्या दागिन्यास हात लावावा तैसी, एक वाटीभर भुगा निघाला. आम्हास आशा आली. मग छन्नी अडकली, त्याने जरा रेटली आणि मधाच्या रंगाची पाटी एका फटीपासून दुसऱ्या फटीपर्यंत तडकली. तिने जो आवाज केला तो मात्र खणखणीत होता, मागच्या दारी सुरेखास ऐकू गेला. ज्ञानू छन्नी ठेवून कान धरून बसला. आम्ही म्हणालो, "तुझा दोष नाही, ऊठ, चहा घे." आमच्या तोंडून ऐसे कोणी कधी ऐकले नव्हते, त्यामुळे तो अधिकच घाबरला.

दसऱ्यास उदाजीराजांनी भरीव गिटार आणिली. लाल, चपटी, धुणे धोपटायच्या फळीसारखी. आम्ही हळदकुंकू लाविले, नाही म्हणालो नाही. वाद्य चांगले आहे, खोटे का सांगावे. अठरा स्पीकरांपुढे सरळ उभी राहते आणि सांगावे तितकेच बोलते. राज्य वाढले, आता दूरदूरच्या जत्रा येतात. मागे एका लांबच्या ताफ्याचे दोघे सल्ला घ्यायला आले, बाहेर राजांस उदयदादा म्हणतात. "उदयदादा, मोठ्या आवाजाला पोकळ घ्यावी का भरीव?" राजांनी त्यांस सारे नीट समजाविले, पोकळ का हंबरते, कापड कसे घालावे, कुठे उभे राहावे, आणि शेवटी म्हणाले, "गर्दीला भरीवच न्या. घरी पोकळ असेल तर असू द्या, फक्त आईच्या हाताला लागेल अशी ठेवू नका." सारे हसले. सुरेखा हसली नाही. आम्ही हसलो, कारण तो रागाने बोलला नव्हता. रागाने बोलला असता तर आम्ही उत्तर दिले असते.

एकूण मजकूर इतका की मोहिमा तीन जाहल्या, एक हरलो, एक निम्मी राखिली, एक जिंकिली. गिटार एक गेली. ती शत्रूने फोडली नाही की चोराने नेली नाही, हुकुमाने गेली आणि हुकूम आमचा. बापाची नको झाली का, ऐसे ज्यास विचारिले तोच एकटा ती राखू पाहत होता. हे त्यास तोंडाने सांगावे ऐसे तीन वेळा मनात आले, आणि तिन्ही वेळा, चहा घेतोस का, इतकेच विचारून झाले.